अंगावरचे केस, पार्लर आणि स्त्रीवाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात आरोग्याचं सत्र संपलं की मी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा फिरवते. नाव न घालता चिठ्ठी टाकायची. पाळीबद्दलच्या चिठ्ठ्या आताशा मोठ्या, धीट अक्षरात येतात. केसांबद्दलच्या मात्र अजून चार-चार घड्या घातलेल्या असतात. त्या चिठ्ठ्यांतले, आणि आयांनी-मावश्यांनी फोनवर आवाज खाली करून विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. मी मुलगी आहे, तरी हातापायांवर आणि पोटावर इतके केस आहेत. हे नॉर्मल आहे का?

हो. तळहात, तळपाय, ओठ अशा मोजक्या जागा सोडल्या तर माणसाच्या सगळ्या अंगावर केसांची मुळं असतात, बाईच्याही आणि पुरुषाच्याही. बारीक, मऊ, फिकट केस म्हणजे लव. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, ती मुलींच्या शरीरातही असतात, आणि त्यांच्यामुळे काखेतली, जांघेतली लव राठ आणि काळी होते. पायांवर, बेंबीखाली ती किती राठ होणार हे बरंचसं आईवडिलांकडून आलेलं असतं. आपल्याकडे केस काळे, म्हणून दिसतातही जास्त.

डॉक्टरांकडे कधी जायचं? हनुवटी, जबडा, छाती इथे राठ केस येत असतील आणि जोडीला पाळी पुढे-मागे होत असेल, मुरुमं जात नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा कारण पीसीओएस निघतं, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोन्सचा बिघाड, ज्याला घरोघरी पीसीओडी म्हणतात. केस मोजायची एक पद्धतही आहे, फेरीमन आणि गॉलवे यांची, 1961 सालची: शरीराच्या ठरावीक जागांना गुण द्यायचे. डॉक्टरांनी बनियन वर करायला सांगितलं तर दचकू नका, ते बहुधा हेच पाहत असतात. आणि केस दोन-चार महिन्यांत अचानक वाढले, आवाज घोगरा झाला, तर वाट न पाहता जा.

2. रेझर फिरवला की केस दाट आणि राठ येतात ना? आई रेझर आणू देत नाही.

येत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी 1928 सालीच काही पुरुषांच्या दाढ्यांवर हे तपासलं होतं. केसांची जाडी, रंग, वाढीचा वेग, काहीच बदललं नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, रेझरने ते आडवं कापलं जातं, म्हणून वर येताना खुंट बोटाला टोचतो. एवढंच. आईला सांगून पाहा, पण आयांचा या बाबतीत विज्ञानावर विश्वास नसतो, हा माझा घरचा अनुभव.

3. रेझर, वॅक्स, क्रीम, थ्रेडिंग: कोणतं बरं?

ज्याने तुमच्या कातडीला त्रास होत नाही ते. रेझर स्वतःचा हवा, ओल्या कातडीवर, केसांच्या दिशेने. बहिणीबरोबरही वाटून घेऊ नका. क्रीम केस विरघळवतं, म्हणजे कातडीलाही चावू शकतं; आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांबा. वॅक्समध्ये केस मुळापासून निघतो, पण परत येताना काही जणींना तो आतच वळतो आणि फोड येतो.

पार्लरमध्ये दोन गोष्टी पाहायच्या. एक, सगळ्या बायकांच्या काखांवर फिरलेली तीच सुरी परत वॅक्सच्या डब्यात जाते का. जात असेल तर उठा. दोन, थ्रेडिंगचा दोरा दातात धरतात का. गळ्यात अडकवूनही थ्रेडिंग होतं, आणि नवा दोरा मागायला लाजू नका. थ्रेडिंगमधून चामखिळींचा संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स अजिबात नको, कातडीचा पापुद्राच निघून येतो. चेहऱ्यावर रेटिनॉलचं क्रीम लावत असाल तरी पार्लरवालीला आधी सांगा. ती विचारणार नाही.

4. लेझरने केस कायमचे जातात का?

कमी होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लेझरला ‘कायमची घट’ एवढंच म्हणायची मुभा दिली आहे. ‘कायमचं निर्मूलन’ फक्त इलेक्ट्रोलिसिसला म्हणता येतं. ती पद्धत जुनी आहे. सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1875 साली डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी ती वापरली. एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून वीज सोडायची असल्यामुळे वेळ मात्र फार जातो.

लेझर केसातला काळा रंग शोधतं. म्हणून पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही, आणि सावळ्या कातडीवर चुकीचं यंत्र वापरलं तर डाग पडतात. एका वेळी सगळे केस वाढीच्या टप्प्यात नसतात, त्यामुळे सहा-आठ खेपा लागतात. आणि पॅकेज विकताना सहसा न सांगितली जाणारी गोष्ट: काही जणींच्या चेहऱ्यावर, विशेषतः पीसीओएस असेल तर, लेझरनंतर आजूबाजूचे केस उलट वाढतात. ‘काकू, पैसे भरले आणि कल्ले आले’ अशी चिठ्ठी मला आलेली आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडेच करा, आणि आधी प्रश्न 1 मधलं कारण तपासून घ्या. आत हार्मोन्सचा नळ चालूच असेल तर वर फरशी पुसून काय होणार?

झटपट उपायाच्या नादाला लागून बायकांनी पूर्वीही भोगलं आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत सलूनमध्ये क्ष-किरणांनी केस काढून द्यायचे. केस गेले. मग काही वर्षांनी व्रण आले, कर्करोग आले.

5. पण काखेतले आणि खालचे केस अस्वच्छच असतात ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तो विचारणाऱ्या मुलींच्या भावांना हा प्रश्न कधी पडत नाही. घामाला वास येतो तो कातडीवरच्या जिवाणूंमुळे. केसांत घाम थोडा जास्त वेळ अडकतो हे खरं, पण त्यावर उपाय आंघोळ हा आहे. पुरुषाची काख साबणाने स्वच्छ होत असेल तर बाईचीही होते.

जांघेतले केस कातडीचं घर्षण कमी करतात. रेझरने तिथे बारीक जखमा होतात, आणि संसर्गाला वाट मिळते ती अशा जखमांमधून. अमेरिकेतल्या 2016 च्या एका पाहणीत सुमारे 84 टक्के बायकांनी खालचे केस कापत किंवा काढत असल्याचं सांगितलं, आणि निम्म्याहून अधिक जणींनी कारण दिलं स्वच्छतेचं. म्हणजे हा समज शिकल्यासवरल्यांमध्येही पक्का आहे.

बाळंतपणाला जाताना ‘साफ करून या’ असं सांगतात त्याचं काय, हेही विचारलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींनुसार नैसर्गिक प्रसूतीआधी सरसकट केस काढायची गरज नाही. शस्त्रक्रियेआधीही केस शक्यतो ठेवावेत, काढायचेच तर क्लिपरने काढावेत, रेझर वापरू नये. माझ्या पहिल्या बाळंतपणात कळा सुरू असताना एका बाईंनी कोरड्या कातडीवर ब्लेड चालवलं होतं. कळा बाळ विसरायला लावतं, ते ब्लेड नाही विसरता येत.

6. आपल्या आज्या तर काही काढत नव्हत्या. हे खूळ आलं कुठून?

आजीचं नऊवार पोटरीपर्यंत, चोळी कोपरापर्यंत. जे दिसत नव्हतं त्याची उठाठेव नव्हती. कापड वर सरकलं तसा धंदा आला. अमेरिकेत बिनबाह्यांचे कपडे रूढ होत होते तेव्हा, 1915 साली, जिलेटने खास बायकांसाठी रेझर काढला. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळलं, बायकांना लांब मोजे मिळेनात, पाय उघडे पडले, आणि पाय भादरणं अंगवळणी पडलं.

पण सगळं साहेबावर ढकलू नका. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. तिच्यात ‘नालोमिकां नातिलोमां’ आहे: अंगावर केस नसलेली नको, फार असलेलीही नको. त्याच ओळीत बडबडी मुलगीही नको म्हटलंय, म्हणजे मी दोन्हीकडून बाद. हाच ग्रंथ 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळला गेला, पण मुलगी बघायला आलेल्यांच्या नजरेत ती ओळ अजून शाबूत दिसते. सुश्रुतसंहितेत केस घालवण्यासाठी शंखाचं चूर्ण आणि हरताळ नावाचं पिवळं खनिज यांचा लेप सांगितला आहे, तो मात्र जखमेभोवतीच्या केसांसाठी. आणि कामसूत्रात दाढी किती दिवसांनी, अंगावरचे केस किती दिवसांनी, असं जे वेळापत्रक दिलं आहे ते नागरकाचं, म्हणजे शहरी, शौकीन पुरुषाचं आहे!

शिवाय आपण सुरुवात कधी करतो ते बघा. बाळ दहा-पंधरा दिवसांचं होत नाही तोच डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवून त्याच्या पाठीवर, कपाळावर चोळतात. लव जावी म्हणून. ही जन्मतःची लव आपोआपच झडते. मुलग्यालाही चोळतात, पण मुलगी असेल तर मालिशवाल्या मावशींचा हात जरा जास्त वेळ फिरतो. ‘पुढं तिलाच बरं पडंल,’ असं मी माझ्या कानांनी ऐकलंय. पोरगी किंचाळत होती.

7. सत्रात तुम्ही केशवपनाचा विषय काढला. त्याचा वॅक्सिंगशी काय संबंध?

तुलना जपून करायला हवी. सोवळ्या विधवेचं डोकं जबरदस्तीने भादरलं जायचं, तिला लाल आलवणात गुंडाळून घराच्या कोपऱ्यात टाकलं जायचं. पार्लरमधल्या पाचशे रुपयांच्या वॅक्सला त्या पंगतीत बसवणं हा त्या बायकांचा अपमान होईल.

तरी एक धागा आहे. बाईच्या अंगावर केस कुठे असावेत, कुठे नसावेत, याचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा आणि त्यावरून तिची लायकी ठरवायची. तिला कुरूप करायचं असेल तर डोक्यावरचे काढा, देखणी करायची असेल तर अंगावरचे. मला त्या इतिहासातली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. लोखंडे सत्यशोधक, गिरणी कामगारांचे पुढारी. हातात वस्तरा असलेल्यांनीच नकार दिला. आजच्या पार्लरवाल्यांनी संप करावा असं मी म्हणत नाही. त्यांचं पोट त्यावर आहे. पण भुवया कोरायला गेलेल्या बाईला ‘अपर लिपही करायचं ना मॅडम? खूप दिसतंय’ एवढं वाक्य कमी म्हटलं तरी पुष्कळ.

8. मी केस काढते. मग मी स्त्रीवादी नाही का?

आहात. हजेरीपटावर पोटऱ्या तपासून नाव घालायची पद्धत नाही.

मात्र ‘माझी मर्जी’ म्हणून विषय लगेच मिटवू नका. एक प्रयोग करा. तीन आठवडे काही काढू नका आणि बिनबाह्यांचा कुर्ता घालून बसने जा. दांडा धरायला हात वर करताना ज्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येतील, त्यांची यादी करा. त्यात तुमचा स्वतःचा चेहरा कितवा आहे?

अमेरिकेत अॅरिझोना स्टेट विद्यापीठात ब्रीअन फास या प्राध्यापिका असाच प्रयोग जादा गुणांसाठी देतात: मुलींनी केस वाढवायचे, मुलांनी काढायचे. आधी ‘आम्ही तर आमच्या मर्जीने काढतो’ म्हणणाऱ्या मुलींना मग कळतं की आई चिडते, मित्र तोंड फिरवतो. मर्जी खरी कधी? दोन्ही बाजूंना सारखीच किंमत पडेल तेव्हा. आज ठेवणारीला टोमणे पडतात आणि काढणारीला पैसे. पैसेही थोडे नाहीत: न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने 2015 साली 794 वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या, तर बायकांसाठीच्या वस्तू सरासरी 7 टक्के महाग निघाल्या. रेझरही त्यात होते.

म्हणून मला काढणाऱ्या बाईशी भांडायचं नाही. न काढणाऱ्या बाईकडे बघून खुसखुसणाऱ्या काढणाऱ्या बाईशी थोडं भांडायचं आहे.

9. केस ठेवणं हे इंग्रजी बोलणाऱ्या, खात्यापित्या घरच्या मुलींचं फॅड नाही का?

प्रश्नात तथ्य आहे. परदेशी नटीने काख दाखवली की ती बंडखोर. स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी दाखवली की ‘जरा नीट राहायला काय होतं?’ फास यांनाही दिसलं की गोऱ्या नसलेल्या मुलींना घरून जास्त विरोध होतो, कारण ‘आधीच लोक आपल्याला घाणेरडं समजतात, त्यात आणखी हे’. आपल्याकडे गोऱ्याच्या जागी जात आणि रंग ठेवा, वाक्य तेच राहतं. ज्या बाईला टापटिपीवर नोकरी टिकवायची आहे तिने बंड करावं, असा सल्ला मी एसीत बसून देणार नाही.

पण त्रास फक्त खात्यापित्यांनाच होतो असंही नाही. 2024 साली उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला एक मुलगी राज्यात पहिली आली. तिचा फोटो छापून आला आणि लोक गुण सोडून तिच्या ओठावरच्या केसांवर तुटून पडले. वर एका रेझर कंपनीने तिचं नाव घालून पानभर जाहिरात दिली: कुणाच्या छळाला कंटाळून आमचा रेझर वापरायची वेळ तुझ्यावर येऊ नये. केसाने गळा कापणं याहून शब्दशः कधी झालं नसेल.

10. माझी अकरा वर्षांची मुलगी वॅक्स करून दे म्हणते. काय करू?

आधी विचारा, कोण काय बोललं. काहीतरी बोललेलं असतंच. बहुतेक वेळा वर्गातला मुलगा, आणि बरेचदा, वाईट वाटून घेऊ नका, घरातलीच आत्या किंवा मामी.

मग तिला ही गंमत दाखवा: त्याच वयात मुलाच्या ओठावर लव आली की आपण म्हणतो मिसरूड फुटलं, आणि काका पाठीवर थाप मारतो. मुलीच्या त्याच लवेला मराठीत कौतुकाचा शब्दच नाही.

एवढ्यानंतरही ती रडत शाळेत जात असेल तर काढून द्या. तत्त्वाची लढाई आपण लढायची, अकरा वर्षांच्या पोरीच्या पायांवर नाही. वॅक्सपेक्षा स्वच्छ रेझर किंवा ट्रिमर बरा. ब्लीच, लेझर नको. ‘हे घाणेरडं आहे म्हणून काढतोय’ हे वाक्य मात्र तोंडून जाऊ देऊ नका. आणि केस फार लवकर, आठ वर्षांच्या आत, जांघेत किंवा काखेत आले असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

11. लग्न ठरलंय. पार्लरचं ‘ब्रायडल फुल बॉडी’ पॅकेज घ्यावंच लागतं का?

नाही. घेणार असाल तर हळदीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच करू नका. ताज्या वॅक्सवर हळद झोंबते. आठवडाभर आधी करा.

12. नवऱ्याला केस आवडत नाहीत.

त्याला विचारा, तो स्वतः काय काढतो. उत्तर ऐकून ठरवा. तो गयावया करत असेल तर तुमचं तुम्ही बघा. धाक दाखवत असेल तर प्रश्न केसांचा नाही, आणि मग तो एकटीने सोडवायचाही नाही.

13. आमच्या धर्मात काढायला, किंवा न काढायला, सांगितलंय. मग?

इस्लाममध्ये काखेतले आणि जांघेतले केस चाळीस दिवसांच्या आत काढायला सांगितले आहेत, बायकांनाही आणि पुरुषांनाही. शिखांमध्ये केस राखायचे, दोघांनीही. जैन साध्वी आणि साधू दोघेही डोक्यावरचे केस हातांनी उपटतात. श्रद्धेने पाळत असाल तर मला मध्ये पडायचं कारण नाही. नियम दोघांना सारखा आहे का, एवढं मी बघते. वॅक्सिंगचा नाही.

14. मी ट्रान्स स्त्री आहे. चेहऱ्यावरचे केस काढल्याशिवाय मला बाहेर पडवत नाही. तुमच्या मते हे चूक आहे का?

अजिबात नाही. प्रश्न 8 मधला प्रयोग तुमच्यासाठी नाही. बिनकेसांचा चेहरा नसेल तर तुम्हाला रस्त्यावर काय सोसावं लागतं ते मी सोसलेलं नाही. तासन् तास चिमट्याने एकेक केस उपटणाऱ्या तुमच्यातल्या थोरल्यांना विचारा. दाढीच्या राठ, काळ्या केसांवर लेझर बऱ्यापैकी चालतं, उरलेल्यांना आणि पांढऱ्यांना इलेक्ट्रोलिसिस. हार्मोन्स सुरू केल्याने अंगावरचे केस विरळ होतात, पण आलेली दाढी जात नाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

15. तुम्ही स्वतः काढता का?

पाय 2011 पासून नाही. काख उन्हाळ्यात ट्रिमरने. भुवया कधीच नाही. ओठावरचे काढते, आणि विशेषतः जिथे फोटो निघणार असतात अशा कार्यक्रमाच्या आधी काढते. यात सुसंगती शोधू नका, मी शोधून दमले आहे.

16. आई अंथरुणाला खिळली आहे. तिला आता फारसं कळत नाही. तिच्या हनुवटीवरचे केस काढू का? की हाही तिच्यावर लादल्यासारखाच प्रकार होईल?

हा प्रश्न डब्यातला नाही. एका बाईंनी दाराशी चपला घालता घालता विचारलं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि हनुवटीवर दोन-चार राठ केस येतात, बऱ्याच जणींना.

मी त्यांना विचारलं, धडधाकट असताना आई काय करायच्या? म्हणाल्या, दर रविवारी खिडकीशी उजेडात बसायची, डबीतला छोटा आरसा मांडीवर घ्यायची आणि चिमट्याने काढायची. कुणी आलं की आरसा पदराखाली.

मग काढा, म्हटलं. खिडकीशी बसवून. आणि आरसा तिच्या हातात द्या.